‘जर्नल’ या शब्दाचे कूळ

जोगेश्वरीच्या कोणत्याही माध्यमिक विद्यालयात प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहा. ‘जर्नल आणले का?’ हा प्रश्न कानी पडेलच. तुम्हां विद्यार्थ्यांना जर्नल म्हणजे प्रयोगवही. परंतु इंग्रजीत दैनंदिनीला जर्नल म्हणतात, व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीलाही तेच नाव आहे. आणि तीन महिन्यांनी एकदा निघणारे विद्वानांचे नियतकालिकही जर्नलच!

हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून आला. फ्रेंचमध्ये ‘झूर’ म्हणजे दिवस. त्याचे मूळ लॅटिन ‘दिउर्नुस’, म्हणजे ‘दिवसाचा’. ‘दि’चा ‘ज’ झाला याचे नवल वाटावयास नको. आपणही संस्कृत ‘अद्य’चा ‘आज’ केला आणि ‘विद्युत्’ची ‘वीज’ केली. लॅटिनमध्ये दिवसाला ‘दिएस’ म्हणत. ‘डायरी’ त्यापासूनच झाली. हा ‘दिएस’ आणि आपला ‘दिवस’ एकाच प्राचीन कुळातले आहेत. प्रवासाला इंग्रजीत ‘जर्नी’ म्हणतात, तेही याच घराण्यातले. एका दिवसात जेवढी वाट चालून होई, ती जर्नी. आपल्या ‘मजल दरमजल’मधील ‘मजल’ तरी दुसरे काय आहे?

मराठीत दैनंदिनीला ‘वासरी’ असेही नाव आहे. गाईच्या वासराशी तिचा काही संबंध नाही. संस्कृतात ‘वासर’ म्हणजे दिवस. ‘रोजनिशी’विषयीही असाच घोटाळा होतो. दिवसाचे वृत्त निशेला, म्हणजे रात्री, लिहावयाचे म्हणून रोजनिशी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कल्पना मोठी गोड, पण खरी नव्हे. फारसीत ‘नविसी’ म्हणजे लेखन. चिटणीस, फडणीस या नावांतील ‘नीस’ तेथूनच आला.

पेशव्यांच्या दप्तरात अशा रोजनिशा असत. नेमणुका, न्यायनिवाडे, गडकिल्ल्यांचा बंदोबस्त, सारावसुली यांच्या नोंदी त्यांत तारखेनिशी होत. गणेश चिमणाजी वाड यांनी त्यांतील निवडक उतारे वेगळे काढले, आणि १९०० साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांवर इंग्रजीत निबंध लिहिला. बखरी पुष्कळदा घटनेनंतर कित्येक वर्षांनी, आठवणींवर व ऐकीव गोष्टींवर विसंबून लिहिल्या गेल्या. लढायांची वर्णने त्यांत रंगतात. परंतु एखाद्या गावाला साऱ्यात सूट कधी मिळाली, हे शोधावयाचे तर अभ्यासकाला कारकुनाची रोजनिशीच उघडावी लागते.