सालीचं कापड आणि फातू हिवाची पायवाट

आज आपण खूप लांब, प्रशांत महासागरातल्या फातू हिवा नावाच्या बेटावर जाऊ. मार्केसास हा फ्रान्सच्या ताब्यातला बेटांचा समूह, त्यातलं हे एक. वस्ती जेमतेम ६०० माणसांची. विमानतळ नाही, त्यामुळे जायचं ते बोटीनंच.

शिडाच्या छोट्या यॉटमधून जग फिरणारी माणसं इथं येतात. गॅलापागोस बेटांपासून अंतर सुमारे ३,००० सागरी मैल, म्हणजे साडेपाच हजार किलोमीटर. वाऱ्याच्या भरवशावर तीन-चार आठवडे लागतात. हानावावे गावासमोरच्या खाडीत डोंगरातून वाऱ्याचे जोरदार झोत येतात, म्हणून नांगर नीट रुतलाय ना, हे बघूनच माणसं किनाऱ्यावर उतरतात.

बेटावर गावं दोनच, हानावावे आणि ओमोआ. मधली डोंगरवाट सोळा-सतरा किलोमीटरची. चढ दमवणारा, वाटेत दुकान नाही. पाणी आणि भाकरतुकडा बरोबर घेऊन सकाळी निघायचं.

ओमोआत पोचलं की ठक-ठक आवाज येतो. बायका ‘तापा’ बनवत असतात. तापा म्हणजे झाडाच्या सालीचं कापड. त्याला सूत नाही, माग नाही. फांदीची साल सोलायची, वरचा खडबडीत थर खरवडायचा, आतली ओली साल लाकडावर ठेवून जड दांडक्यानं ठोकत राहायचं. ठोकता ठोकता ती पसरते, पातळ होते. मग उन्हात वाळवून तिच्यावर काळ्या रंगानं नक्षी काढायची. तुतीच्या जातीच्या झाडाचं कापड पांढरट, वडाच्या जातीचं गडद तपकिरी. आणि फिकट तपकिरी हवं तर नीरफणसाची साल. हो, कोकणात आपण ज्याची कापं तळतो तोच नीरफणस!

या ठोकण्यामागे मोठं दुःख आहे. एकोणिसाव्या शतकात परक्या जहाजांबरोबर देवीसारखे रोग आले. घरंच्या घरं ओस पडली. १९२०च्या दशकात साऱ्या मार्केसास बेटांवर मिळून दोनेक हजार माणसं उरली. जाणती माणसं गेली, त्यांच्याबरोबर त्यांच्या हातातली कामंही गेली. फातू हिवाच्या बायकांनी मात्र तापा सोडला नाही. आज त्याच समुद्रातून येणारे पाहुणे त्यांच्या अंगणात बसून काम बघतात आणि कापड विकत घेतात. आधी काम बघितलेलं असतं, म्हणून त्यामागची मेहनतही त्यांना कळते.

मैत्रिणींनो, आपल्या गावात एकाच म्हातारीला येतं असं कोणतं काम आहे? पुढच्या बैठकीला तिला बोलवा. नुसतं सांगायला लावू नका, करून दाखवायला सांगा. आणि शेजारी एखादी पोर बसवा.