एक नाव, दोन वनस्पती: चिनी वनौषधी आणि शास्त्रीय पुरावा

पालि ग्रंथांच्या अभ्यासकाला एका पेचाची सवय असते. शब्द हाती असतो, वस्तू हाती नसते. महापरिनिब्बान सुत्तातील ‘सूकरमद्दव’ म्हणजे डुकराचे कोवळे मांस, बांबूचे कोंब की अळिंबे, याविषयी अट्ठकथांतही एकाहून अधिक मते नोंदलेली आहेत. तेथे प्रश्न मुख्यतः अर्थनिर्णयाचा आहे. औषधींच्या ग्रंथात मात्र असाच प्रश्न रोग्याच्या जीविताशी येऊन भिडतो. चीनच्या वनौषधी परंपरेला विज्ञानाचा कितपत आधार आहे, हे पाहताना आम्हांस याची तीव्र जाणीव झाली. म्हणून त्या परंपरेतील दोन नावांचा वृत्तान्त येथे मांडीत आहोत.

पहिले नाव ‘चिंगहाओ’ हे होय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हिवतापाने सैनिक जर्जर होत होते आणि क्लोरोक्वीन निष्प्रभ ठरू लागले होते. उत्तर व्हिएतनामच्या विनंतीवरून चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन योजना हाती घेतली. त्या तारखेवरूनच तिला ‘५२३’ हे नाव पडले. १९६९ च्या आरंभी बीजिंगच्या पारंपरिक वैद्यक अकादमीतील तू यूयू यांच्याकडे एका गटाचे नेतृत्व आले. त्यांचे मूळ शिक्षण आधुनिक औषधनिर्माणशास्त्राचे. पारंपरिक वैद्यकाचे अध्ययन त्यांनी नंतर केले. जुने ग्रंथ धुंडाळून आणि अनुभवी वैद्यांना भेटून त्यांनी दोन हजारांवर औषधयोग जमविले व त्यांतून ६४० निवडले. सुमारे २०० वनस्पतींपासून ३८० हून अधिक अर्क काढून ते हिवतापग्रस्त उंदरांवर तपासण्यात आले.

चिंगहाओच्या अर्काने एकदा ६८ टक्के गुण दाखविला. प्रयोग पुन्हा केला असता तो गुण टिकला नाही. तेव्हा तू यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग यांच्या तातडीच्या उपचारांच्या पुस्तिकेत चिंगहाओ मूठभर घेऊन पाण्यात भिजवावा, पिळून रस काढावा आणि तो प्यावा, अशा आशयाची सूचना आहे. चिनी वनौषधी बहुधा उकळून, काढा करून घेतात. येथे उकळण्याचा उल्लेखच नाही. उष्णतेने गुणकारी द्रव्य नष्ट होत असावे, हे त्यांनी या अनुल्लेखावरून ताडले. आम्हां ग्रंथाभ्यासकांना या घटनेचे विशेष अप्रूप वाटते. पोथीत जे लिहिलेले नाही ते वाचता येणे, हे आमच्या व्यवसायातील सर्वांत कठीण काम होय.

त्यांनी सुमारे ३५ अंश सेल्सियसला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला आणि त्यातील विषारी आम्लधर्मी भाग वेगळा केला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील हिवतापाचे परजीवी पूर्णतः नष्ट केले. येथवरचे श्रेय ग्रंथाचे म्हणता येईल, पुढचे नव्हे. १९७२ साली तू यूयू व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी प्रथम स्वतः तो अर्क घेतला, नंतर हैनान बेटावर २१ रुग्णांवर तो तपासण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शुद्ध स्फटिक हाती आले. (युनान व शांतुंग येथील गटांनीही स्वतंत्रपणे हे काम केले होते, म्हणून श्रेयाचा वाद पुढे बराच काळ चालला.) रेणूची रचना १९७७ साली प्रसिद्ध झाली. ऑक्सिजनच्या दोन अणूंचा एक ‘पूल’ या रेणूत आहे. परजीवी रक्तातील हिमोग्लोबिन पचवितो तेव्हा लोहयुक्त द्रव्य मोकळे होते, त्याच्या संपर्कात हा पूल तुटतो आणि निर्माण होणारे विध्वंसक घटक परजीवीलाच मारतात.

हेच आर्टेमिसिनिन. २०१५ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा त्यासाठी तू यूयू यांना मिळाला. भारतात २०१० पासून फॅल्सिपेरम हिवतापावर आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त उपचार देशभर स्वीकारण्यात आला. गडचिरोलीच्या जंगलभागात तापाने फणफणलेल्या रुग्णाला मिळणाऱ्या गोळीची कुळकथा अशी गे होंग यांच्यापर्यंत पोहोचते. ही वनस्पती ज्या आर्टेमिसिया प्रजातीची, तिच्यातलाच आपला दवणाही आहे. पण म्हणून दवण्याने हिवताप बरा होतो असे नव्हे.

कारण चीनमध्येही हे नाव निसरडे आहे. अकराव्या शतकातील शेन ख्वो यांनी चिंगहाओचे दोन प्रकार असल्याचे नोंदविले. पुढे ली शी-चेन यांनी १५९६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या बृहद्ग्रंथात पिवळ्या फुलांच्या वनस्पतीची वेगळी नोंद केली. आधुनिक वनस्पतिशास्त्रज्ञांनी ‘चिंगहाओ’ हे नाव आर्टेमिसिया एपिएशिया या जातीला जोडले. औषध ठरेल इतके द्रव्य मात्र आर्टेमिसिया ॲन्युआ या दुसऱ्या जातीत निघाले. शिवाय हे द्रव्य पाण्यात फारसे विरघळत नाही. या वनस्पतीचा चहा वा सुकी पाने हिवतापावर घेऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले ते यामुळेच.

दुसरे नाव ‘फांग-जी’. येथे गोंधळाचे मोल फार जबर पडले. ब्रुसेल्समधील एका चिकित्सालयात वजन घटविण्याच्या औषधयोगात १९९० पासून दोन चिनी वनौषधी मिसळण्यात आल्या. त्यांतील एक फांग-जी, म्हणजे स्टिफॅनिया टेट्रांड्रा, असायला हवी होती. प्रत्यक्षात पोहोचली ती ‘ग्वांग-फांग-जी’, म्हणजे ॲरिस्टोलोकिया या अगदी निराळ्या प्रजातीची वनस्पती. १९९३ साली मूत्रपिंडे निकामी झालेल्या नऊ तरुण स्त्रियांची नोंद प्रसिद्ध झाली. पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रतिबंधक उपाय म्हणून मूत्रपिंडे व मूत्रवाहिन्या काढून टाकलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांत मूत्रमार्गाचा कर्करोग आढळला.

ही केवळ पुरवठादाराची चूक असे म्हणून विषय संपविता आला असता. परंतु ॲरिस्टोलोकियाच्या अनेक जाती चिनी वैद्यकात पूर्वापार वापरात होत्या. मग शतकानुशतके कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? आमच्या मते उत्तर काळाच्या अंतरात आहे. हिवतापाचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला तर वैद्य, रोगी आणि शेजारी सर्वांना दिसते. आज घेतलेल्या चूर्णाने दहा वर्षांनी होणारा कर्करोग त्या चूर्णाशी जोडणे, नोंदी आणि तुलनेच्या पद्धतीविना, कोणाही प्रज्ञावंताला अशक्यच होते. ‘हजार वर्षांचा अनुभव’ म्हणून जे सांगितले जाते, ते पहिल्या प्रकारच्या परिणामाविषयी काही सांगू शकते. दुसऱ्याविषयी जवळपास काहीच नाही.

ॲरिस्टोलोकिक आम्ल पेशीतील डीएनएला चिकटते आणि तेथे बदलाची ठराविक खूण मागे ठेवते. तैवानने २००३ साली अशा वनौषधींवर बंदी घातली. तरीही तेथील यकृताच्या कर्करोगाच्या ९८ नमुन्यांपैकी ७८ टक्के नमुन्यांत ती खूण सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडे ईश्वरी वा सापसंद म्हणून ओळखली जाणारी, लोकवैद्यकात सर्पदंशावर दिली जाणारी वेल याच ॲरिस्टोलोकिया प्रजातीची आहे, आणि हे आम्ल तिच्यातही आढळते.