बंदीच्या दिवसांत घरातला फिशटँक
मंडळी, १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर धक्क्याला आणि घरात पोरांचा हट्ट, फिशटँक हवा! आणा की. पण टाकी नि मासे एकाच दिवशी आणले तर आठवड्यात मासे उलटे तरंगताना दिसतात. घाणीतून अमोनिया होतो. तो पचवणारे जीवाणू फिल्टरच्या स्पंजात वाढायला ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर फिल्टर चालू, रोज चिमूटभर खाद्य, मासे नाहीत. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जीवाणू मरतात. टाकीतल्याच पाण्यात पिळा.

दोन फुटी टाकीत आधी ६ झेब्रा डॅनिओ सोडा, आपल्याच देशातला काटक मासा. पंधरवड्याने ४-५ गप्पी, पण फक्त नर, नाहीतर पिल्लांनी टाकी भरलीच म्हणून समजा! गोल्डफिश नको, घाण फार करतो. नकोसे झालेले मासे दुकानदाराला परत द्या, ओढ्यात सोडू नका.