गडावरच्या मुक्कामाचं सामान घरच्या मशीनवर : काय शिवावं, काय शिवू नये

दिवाळी संपली, की सीमाभागात गडावरच्या मुक्कामाचे बेत सुरू होतात. बेळगाव-खानापूरची मंडळी पारगड किंवा कलानिधीगडाकडे वळतात, गोव्यातली चोर्ला-तिळारीच्या रानात शिरतात. बेत अडतो तो सामानावर. तंबू आणि स्लीपिंग बॅगची किंमत ऐकली, की चौघांतले दोघे हळूच गळतात.

खरं तर यातलं बरंचसं सामान सरळ टीप मारता येणाऱ्या कुणालाही घरी शिवता येतं. अमेरिकेत १९५५ साली एमा गेटवुड या ६७ वर्षांच्या आजीबाई तीन हजार किलोमीटरहून लांब अ‍ॅपलेशियन ट्रेल एकट्या चालल्या. खांद्यावर होती ती स्वतः शिवलेली डेनिमची झोळी. मात्र कापड किंवा शिवण चुकली, तर रात्री दोन वाजता ओल्या अंथरुणात कुडकुडत बसावं लागतं. म्हणून आधी थोडं समजून घेतलेलं बरं.

कापड, दोरा आणि सुई

सुती कापड पाणी पितं, जड होतं आणि लवकर वाळत नाही. त्यामुळे बाजारात मिळणारं पॅराशूट कापड किंवा छत्रीचं कापड घ्यावं. दोराही सुती नको. ओलीत तो कुजतो. पॉलिस्टरचा दोरा आणि पातळ कापडाला ११ नंबरची सुई पुरते. टाका साधारण ३ मिलिमीटरचा ठेवावा. फार बारीक टाके घातले, तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ पडते आणि कापड तिथेच फाटतं. लेप दिलेल्या कापडाला टाचण्या लावू नयेत, त्यांची भोकं बुजत नाहीत. कपडे वाळत घालायचे चिमटे लावले की काम भागतं.

सुरुवात थैलीपासून

हात बसण्यासाठी आधी नाडीची थैली शिवावी. ७२ बाय ५० सेंटिमीटरचा तुकडा उलट्या बाजूने दुमडून तळ आणि एक बाजू शिवायची. बाजूची शिवण वरून ८ सेंटिमीटर मोकळी सोडून तिच्या कडा दुमडून घ्यायच्या. मग वरची कड ४ सेंटिमीटर दुमडून नेफा करायचा आणि नाडी ओवायची. परकराला नेफा घालता येतो, त्याला यात नवीन काही नाही. कपडे, तांदूळ, भांडी वेगवेगळ्या थैल्यांत भरता येतात.

डोक्यावरचं छत

दोघा-तिघांना तंबूऐवजी साधं छत पुरतं. ५८ इंच पन्ह्याच्या कापडाचे तीन-तीन मीटरचे दोन तुकडे लांबीला जोडले, की जवळपास तीन मीटर चौरस छत होतं. जोड मात्र साध्या टिपेने करू नये. जीन्सच्या पायाला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत अडकवून दुहेरी टीप मारावी. चारही कोपऱ्यांवर आणि प्रत्येक कडेच्या मध्यावर जाड कापडाचं ठिगळ लावून त्यावर दप्तराच्या पट्ट्याचा फास शिवावा. वाऱ्याचा सगळा ताण याच आठ जागी येतो.

पाणी गळतं ते सुईच्या भोकांतून. शिवणीवर लावायचा पदार्थ कापडाच्या लेपावर ठरतो. सिलिकॉनचा लेप असेल तर फक्त सिलिकॉनच चिकटतं. दुसऱ्या लेपाला पॉलियुरेथेनचं सीलर लागतं. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कात्रणावर थेंब टाकून एक दिवस वाळू द्यावा आणि नखाने खरवडून बघावा. सुटला तर तो उपयोगाचा नाही.

वाकळ ऊबदार, पण गडावर अडचणीची

ऊब कापडातून येत नाही, कापडात अडकलेल्या हवेतून येते. आजीची वाकळ दाट धावदोऱ्याने शिवलेली असते. ती वर्षानुवर्षं टिकते, पण दाबली गेल्यामुळे तिच्यात हवा कमी आणि वजन जास्त. भिजली तर उचलवत नाही.

त्याऐवजी जॅकेटमध्ये घालतात ती पॉलिस्टरची फायबर शीट दोन पातळ कापडांच्या मध्ये घालावी. आकार दोन मीटर बाय १.४ मीटर. कडा शिवाव्यात; मध्ये दाट टिपा न मारता हातभर अंतरावर दोऱ्याच्या सैल गाठी माराव्यात, म्हणजे शीट फुगलेली राहते. पायाकडचा ५० सेंटिमीटर भाग पिशवीसारखा बंद करावा. हे कापड पाणी अडवणारं नको. अंगाची वाफ बाहेर पडली नाही, तर पहाटे आतूनच ओल येते.

अंगाखाली चेपलेलं पांघरूण ऊब देत नाही. जमिनीच्या गारठ्यासाठी खाली फोमची चटई हवीच.

हे घरी शिवू नये

दोराच्या साहाय्याने कडा उतरताना वापरायचं हार्नेस, स्लिंग, पट्टे यांना घरच्या मशीनची टीप चालत नाही. ज्या शिवणीवर जीव लटकतो, ती प्रमाणित वस्तूचीच हवी. दुसरी गोष्ट, नायलॉन आणि पॉलिस्टर ठिणगीनेही वितळतं. छताखाली चूल किंवा स्टोव्ह पेटवू नये. बंद जागेत तर धुराचा आणि विषारी वायूचाही धोका असतो.

सगळं शिवून झालं, की छत अंगणातल्या दोरीवर ताणून पाच-दहा मिनिटं नळीने पाणी सोडावं. मग सगळ्यांनी एक रात्र गच्चीवर काढावी. तिथे काही गळलं, उसवलं किंवा गारठा लागला, तर जिना उतरून घरात जाता येतं. गडावर ती सोय नसते.