वजन घटविण्याची शस्त्रक्रिया आणि विम्याची मंजुरी

बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा परिसर हा माहिती-तंत्रज्ञान उद्योगाचा बालेकिल्ला समजला जातो. व्हाइटफील्ड आणि बाह्य वर्तुळाकार रस्त्यालगतच्या कार्यालयांत महाराष्ट्रातून आलेले अनेक तरुण नोकरी करतात. दिवसभर बैठे काम, रात्रपाळी आणि अवेळी जेवण यांचा परिणाम म्हणून वाढलेले वजन पुढे मधुमेह, रक्तदाब व झोपेतील श्वासरोध यांना निमंत्रण देते. आहार व व्यायामाने फरक पडत नाही, तेव्हा काही रुग्णांना डॉक्टर बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजेच वजन घटविण्याची शस्त्रक्रिया सुचवितात. हा खर्च काही लाखांच्या घरात जातो. विमा मंजूर न झाल्यास मुदत ठेव मोडणे किंवा कर्ज काढणे एवढेच मार्ग कुटुंबापुढे उरतात. म्हणून मंजुरीचे निकष आधीच समजून घेणे हिताचे ठरते.

निकष कोणते?

विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्य विम्यातून वगळावयाच्या बाबींची भाषा प्रमाणित केली. त्यात लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचे स्वतंत्र कलम आहे. हे कलम वरवर वाचणाऱ्यास ही शस्त्रक्रिया सर्वस्वी वगळली आहे असे वाटते. वस्तुतः पुढील सर्व अटी पूर्ण न करणारा खर्चच त्यात वगळलेला आहे:

1. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने व्हावी.
2. तिला वैद्यकीय कार्यपद्धतीचा आधार असावा.
3. रुग्णाचे वय किमान 18 वर्षे असावे.
4. बीएमआय 40 किंवा अधिक असावा. तो 35 किंवा अधिक असल्यास लठ्ठपणामुळे उद्भवलेला हृदयस्नायूंचा विकार, हृदयधमनीविकार, झोपेतील तीव्र श्वासरोध अथवा नियंत्रणात न येणारा टाइप-2 मधुमेह यांपैकी एक आजार असावा आणि वजन घटविण्याचे सौम्य उपाय निष्फळ ठरलेले असावेत.

किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता बीएमआय मिळतो. 165 सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन 112 किलो असेल, तर तो सुमारे 41 येतो. 98 किलोस 36 आणि 90 किलोस 33. पहिल्या व्यक्तीस सहव्याधीची अट नाही, दुसरीस आहे, तर तिसरी या कलमाच्या कक्षेबाहेर राहते.

सल्ला आणि करार यांतील अंतर

40 आणि 35 हे आकडे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 1991 मध्ये सुचविलेल्या मर्यादांशी जुळतात. त्यानंतर वैद्यकशास्त्र पुढे गेले. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेह जडतो, हे ध्यानी घेऊन 2022 मध्ये या क्षेत्रातील दोन प्रमुख शल्यचिकित्सक संघटनांनी आशियाई रुग्णांसाठी 27.5 पासून शस्त्रक्रियेचा विचार व्हावा असे सांगितले. त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला योग्य असूनही विमा नाकारला जाऊ शकतो. निर्णय कराराच्या शब्दांवर होतो, याचे भान ठेवावे.

कागदपत्रांचे महत्त्व

मंजुरीची खरी तयारी रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी काही महिने सुरू होते. वजन-उंचीच्या तारखांसह नोंदी, आहारतज्ज्ञ व फिजिशियन यांचे कागद, मधुमेहाचे एचबीए1सी अहवाल, निद्रा-तपासणीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची गरज स्पष्ट करणारे शल्यचिकित्सकाचे पत्र एकत्र ठेवावे. "आहार-व्यायाम करून पाहिला" हे तोंडी सांगणे पुरेसे ठरत नाही. त्याची नोंद लागते.

पॉलिसीतील प्रतीक्षा कालावधी आणि या शस्त्रक्रियेसाठी वेगळी उपमर्यादा आहे काय, हेही पाहावे. 2024 च्या नियमांनुसार पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी 36 महिन्यांहून अधिक असू शकत नाही. प्रस्ताव अर्जात मधुमेह वा रक्तदाब लपविणे मात्र महागात पडते.

नोकरदारांनी आणखी एक दक्षता घ्यावी. कंपनीचा समूह विमा नोकरीबरोबरच संपतो. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत स्थलांतराची मागणी वेळेत केल्यास आधीच्या कालावधीचा लाभ टिकविता येतो.

नकार मिळाल्यास

मे 2024 च्या परिपत्रकानुसार कॅशलेस विनंतीवर विमा कंपनीने एका तासाच्या आत निर्णय द्यावयाचा आहे. कॅशलेस नाकारणे म्हणजे दावा फेटाळणे नव्हे. खर्च केल्यानंतर परताव्याचा दावा करता येतो. दावाच फेटाळला, तर कोणत्या कलमान्वये फेटाळला याचे कारण लेखी घ्यावे. अपूर्ण कागदपत्र हे कारण असेल, तर ते दूर करता येते.

तरीही समाधान न झाल्यास प्रथम विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर न आल्यास अथवा ते समाधानकारक नसल्यास एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची आवश्यकता नाही. कर्नाटकातील विमाधारकांसाठी बंगळुरू येथे हे कार्यालय आहे; महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे सोय आहे.

शाखेत आरोग्य विम्याची माहिती देताना कर्मचाऱ्यांनी हप्त्याबरोबरच वगळलेल्या बाबींचे पानही ग्राहकासमोर उघडावे. पॉलिसी घेताना वाचलेले ते एक पान पुढे आयुष्यभराची बचत वाचवू शकते.