धोक्याचा वर्ग म्हणजे धरणाची प्रकृती नव्हे

गावाला पिण्याचे पाणी पुरवणारे मातीचे छोटे धरण ‘उच्च धोक्याच्या वर्गात’ आहे असे कळले की ते फुटायला आले, अशी हाकाटी सुरू होते. हा समज कितीदा खोडला तरी पावसाळा आला की पुन्हा पसरतो. धोक्याचा वर्ग धरणाची अवस्था सांगतच नाही. धरण फुटलेच तर खाली किती माणसे, घरे, रस्ते आणि शेती पाण्यात सापडतील, एवढेच तो सांगतो. नुकतेच बांधलेले, कोठेही खोट नसलेले धरण खाली दाट वस्ती असेल तर वरच्याच वर्गात बसते. निर्जन रानातले जर्जर धरण खालच्या वर्गात राहते. धरणाला हात न लावताही वर्ग बदलतो, कारण नदीकाठी नवी घरे उठतात.

केंद्रीय जल आयोगाची 2020 ची मार्गदर्शक तत्त्वेही धोक्याचा वर्ग संभाव्य परिणामांवरूनच ठरवतात. धरणाच्या प्रकृतीची नोंद वेगळी असते. तपासणीनंतर दोषांच्या तीन श्रेणी केल्या जातात: पहिलीत धरण निकामी करू शकणारे दोष, दुसरीत तातडीने दुरुस्त करायचे मोठे दोष, तिसरीत किरकोळ दोष किंवा काहीच नाही. घाबरायचे असेल तर या पहिल्या श्रेणीला घाबरावे. खाली वस्ती आणि वर पहिल्या श्रेणीचे दोष असे जुळून आले, तर मात्र दुरुस्तीला एक पावसाळाही थांबता येत नाही.

‘छोट्या धरणाने काय होणार?’ हा समज याहून घातक आहे. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाचा साठा सुमारे 2.45 दशलक्ष घनमीटर, म्हणजे कोयना धरणापुढे नगण्य. 2 जुलै 2019 च्या रात्री ते फुटले आणि सुमारे वीस माणसे गेली.

कायदा सगळ्या धरणांवर लक्ष ठेवतो, हेही खरे नाही. धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा 15 मीटरहून उंच धरणांना लागू होतो. 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना साठा, लांबी, पूर अशा ठरावीक अटींपैकी एखादी लागू असेल तरच. त्याहून ठेंगणे गावतलाव या कायद्याबाहेर राहतात.

पुराबद्दलही असाच गैरसमज आहे. ‘शंभर वर्षांचा पूर’ शंभर वर्षांतून एकदाच येतो असे नाही. त्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का असते; पन्नास वर्षांत तो निदान एकदा येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के.

मातीच्या धरणातून थोडे स्वच्छ पाणी झिरपणे स्वाभाविक आहे. ते गढूळ झाले किंवा अचानक वाढले, तर आतून माती वाहून जात असण्याची दाट शक्यता असते.

सांडव्यावरून पाणी पडणे म्हणजे संकट नव्हे. सांडवा त्यासाठीच असतो. संकट असते ते पाणी मातीच्या भरावाच्या माथ्यावरून वाहू लागले तर.

भरावावरची झाडे माती धरून ठेवतात असे वाटते, पण मोठ्या झाडांची मुळे कुजली की पाण्याला आयती वाट मिळते. भरावावर गवतच असावे.

गावकऱ्यांनी धरणाचा वर्ग विचारावाच, पण त्याच वेळी शेवटची तपासणी कधी झाली आणि तीत दोषांची कोणती श्रेणी नोंदली, हेही लेखी मागावे.