पानफुटी : एका पानाचे रोप

सुगीच्या दिवसांत कुंड्यांना रोज पाणी कोण घालणार, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी घरात असतो. अशा घरासाठी पानफुटी चांगली. हिच्या जाड पानांत पाणी साठलेले असते. शिवाय इतर झाडांप्रमाणे ती दिवसा श्वासाची छिद्रे फारशी उघडत नाही, ती रात्री उघडते; त्यामुळे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री पानात आम्ल साठते. सकाळी आंबट लागणारे पान दुपारी बेचव होते, हे बेंजामिन हाइने यांनी १८१३ साली कळवले होते. तुम्ही मात्र चाखून पाहू नका; कारण पुढे येईलच.

लागवडीसाठी शेजारणीकडून पूर्ण वाढलेले, निरोगी एक पान आणा. पानाच्या कडेला खाचा असतात व प्रत्येक खाचेत एक झोपलेला डोळा असतो. पान तुटले आणि ओल मिळाली की तो जागा होतो.

पसरट कुंडीत किंवा बुडाला भोके पाडलेल्या जुन्या डब्यात दोन भाग माती, एक भाग जाड वाळू व एक भाग चाळलेले, कुजलेले शेणखत भरा. त्यावर पान आडवे ठेवा, पुरू नका. हलू नये म्हणून एकदोन खडे ठेवा. सावलीत ठेवून पाणी शिंपडा. साधारण दोन आठवड्यांत खाचांतून मुळे व कोंब दिसू लागतात. प्रत्येक रोपाला चार पाने आली की ती वेगळी करून लहान कुंड्यांत लावा.

कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवावी. अंधारात रोप लांबुडके होते. बोटाचे एक पेर खोल माती कोरडी लागली तरच पाणी द्या. पानफुटी तहानेने क्वचित, पण साचलेल्या पाण्याने हमखास मरते. पावसाळ्यात कुंडी ओसरीवर घ्या. शेंडा खुडत राहिल्यास झाड बुटके राहते. पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा.

आता महत्त्वाचे. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारे विष असते, फुलांत ते जास्त. ऑस्ट्रेलियात या कुळातील झाडे खाऊन गुरे दगावलेली आहेत. म्हणून छाटलेली पाने गोठ्याजवळ, बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नका. तेथे टाकलेले पान मरत नाही, रुजते, आणि मग ते वासराच्या किंवा शेळीच्या तोंडी लागते. छाटणी कडक उन्हात फरशीवर पूर्ण वाळवा व जाळून टाका. जनावराने खाल्ल्याचा संशय आला तर पशुवैद्यकाला ताबडतोब बोलवा आणि काय खाल्ले ते सांगा.

मुतखड्यावर पानफुटीची पाने खाण्याची पद्धत अनेक गावांत आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. हृदयविकाराच्या रुग्णांनी, गरोदर स्त्रियांनी व मुलांनी तर नाहीच.

एका पानातून झाड उभे राहते, हा पानफुटीचा गुण. तो खिडकीत कौतुकाचा आहे, बांधावर नाही.